चाळिशीनंतर पुन्हा पाण्यात



एकदा पोहायला आले की माणूस ते विसरत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. ते खरेच आहे. पण पोहता येणे वेगळे आणि स्पर्धेत पोहणे वेगळे. शाळा-कॉलेजात बक्षिसे मिळवलेला मुलगा नोकरीला लागतो, लग्न होते, घराचे हप्ते, मुलांची फी, आईवडिलांची दुखणी सुरू होतात आणि पाणी सुटते ते सुटतेच. वीस-बावीस वर्षांनी मन पुन्हा तिकडे ओढ घेते. आमच्या म्हसावदचे एक ओळखीचे गृहस्थ सध्या याच अवस्थेत आहेत. वय ४४. त्यांनी मला विचारले, "भाऊ, आता स्पर्धेत नाव दिले तर लोक हसतील का?" हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही, म्हणून आज त्यावरच लिहितो.

पहिली गोष्ट अशी की अशा माणसांसाठी रीतसर स्पर्धा आहेत. त्यांना मास्टर्स म्हणतात. १९७० साली अमेरिकेत टेक्सासमधील अमारिलो येथे अशी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. त्यामागे रॅन्सम आर्थर नावाचे नौदलातील डॉक्टर होते. मोठ्या माणसांनी व्यायाम चालू ठेवावा म्हणून त्यांना काही उद्दिष्ट हवे, हा त्यांचा विचार. या स्पर्धांत २५ ते २९, ३० ते ३४ असे पाच-पाच वर्षांचे गट असतात. म्हणजे ४४ वर्षांच्या माणसाला विशीतल्या पोराशी झुंजायचे नसते. भारतीय जलतरण महासंघही राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा भरवतो. २०२३ साली ती मंगळूरला झाली. आपल्या मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील सागरी स्पर्धेत तर शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्या माणसांपर्यंत सारे उतरतात.

आता हिमतीचे उदाहरण. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात जवान होते, बॉक्सिंगमध्ये नाव कमावलेले. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. खेळ संपला असेच कोणीही म्हटले असते. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापून सुवर्णपदक मिळवले. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. २०२४ साली त्यांच्यावर चित्रपट आला, तेव्हा कुठे घरोघरी नाव पोचले. टाळ्या वाजण्याची वाट पाहत ते काठावर बसले असते, तर ते पदक कधीच आले नसते.

भगिनींसाठीही सांगतो. बंगालच्या बुला चौधरी यांनी १९८९ साली इंग्लिश खाडी पोहून पार केली आणि दहा वर्षांनी, १९९९ साली, ती पुन्हा पार केली. अमेरिकेच्या डारा टॉरेसने मध्ये दोनदा खेळ सोडला होता. मुलगी झाल्यावर ती परत आली आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ४१ व्या वर्षी तिने तीन रौप्यपदके मिळवली. ५० मीटरचे सुवर्ण तर सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. तिच्या दिमतीला प्रशिक्षक होते, पैसा होता, हे मान्य. आपल्याकडे तेवढे नाही. म्हणून आपला हिशेब आपल्या ऐपतीने मांडायचा.

मी कॉमर्सचा माणूस, हिशेबाच्याच भाषेत सांगतो. परतणारा खेळाडू जुनी वही उघडून बसतो. "तेव्हा मला इतके सेकंद लागायचे, आता दुप्पट लागतात," म्हणून खचतो आणि आठवड्यात घरी बसतो. हातापायांना पोहण्याची रीत आठवते, पण दम आठवणीवर टिकत नाही. व्यायाम नसेल तर तिशीनंतर दर दहा वर्षांनी दम साधारण १० टक्क्यांनी घटतो. तेव्हा जुने खाते बंद करावे. पहिल्या दिवशी जो वेळ लागेल तीच नव्या वहीतली आरंभीची शिल्लक. पुढे तुलना फक्त तिच्याशी.

सुरुवातीला २५ मीटरच्या सात-आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर श्वास जागेवर येईपर्यंत थांबणे, आठवड्यातून तीन दिवस, एवढे पुरे. घाई केली की खांदा धरतो. स्नायू लवकर तयार होतात, पण त्यांना हाडाशी जोडणारे दोर सावकाश बळकट होतात. पाण्यात उतरण्याआधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यातही हे होते. ज्यांच्या गावात तलाव नाही त्यांना बसभाडे आणि महिन्याची फी पडते. ती घरच्या खर्चात बसते का, हे नवरा-बायकोने एकत्र बसून ठरवावे. चोरून पोहू नये आणि उसनवारी करून तर मुळीच नाही.

एक इशारा. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा येथे बॅरेज आहेत. साठलेले पाणी शांत दिसते, पण खोली आणि गाळ वरून कळत नाही. तिथे एकट्याने सराव करू नये. जुना पट्टीचा पोहणाराही दम संपला की गटांगळ्या खातो. देखरेख असलेला तलावच बरा.

आणखी एक. आपल्या समाजात पोहून आलेली माणसे मुळात कमी. गावची पोरे पाठीला डबा बांधून विहिरीत शिकली, पण आपल्या वाडवडिलांना त्या विहिरीवर जायचीच बंदी होती. तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, तिथे सूर मारायला कोण देणार? म्हणून आपल्यापैकी जो कोणी कधीकाळी स्पर्धेत पोहला असेल, त्याने परत यावे. त्याला पाहून घरातली मुलगी आणि शेजारचा मुलगा पाण्यात उतरेल.

तेव्हा त्या गृहस्थांना माझे उत्तर असे: होय, एखादा हसेल. पण हसणारा काठावर असेल, कोरडा. तुम्ही नाव द्या. शेवटचा नंबर आला तरी शर्यत पुरी करा आणि लागलेला वेळ वहीत लिहून ठेवा.