पेन आमचं, शाई त्यांची

परवा भाच्याचा फोन आला. सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "मामा, एका कंपनीने डिजिटल पेन आणलंय. वहीत लिहिलेलं सगळं मोबाइलवर येतं. डेव्हलपर्सना किट फुकट देतायत, म्हणतात या आणि अॅप्स बनवा. मी फायनल इयरचा प्रोजेक्ट यावरच करू म्हणतोय, मराठी नोट्ससाठी. करू ना?"

विचार करून सांगतो म्हटलं आणि फोन ठेवला. खरं तर उत्तर लगेच तोंडावर आलं होतं, पण ते माझ्या जुन्या जखमेतून आलेलं होतं, म्हणून थांबलो. दोन दिवस विचार केला. तो इथे लिहितोय, कारण हा प्रश्न एकट्या भाच्याचा नाही. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

आधी जखमेबद्दल. साधारण 2010 च्या सुमारास मी पुण्यात नोकरी करत होतो. तेव्हा एका मोबाइल कंपनीने असंच आवतण दिलं होतं. आमचं स्टोअर आहे, तुमची अॅप्स आणा. मी आणि एका मित्राने रात्री जागून मुलांसाठी अक्षरं गिरवायचं मराठी अॅप केलं. चौदा महिने गेले. ळ आणि क्ष नीट बसवायला तर आमची दिवाळी गेली. मग एक दिवस मेल आला. स्टोअर बंद करत आहोत, सहकार्याबद्दल आभार. कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्यांनी बेकायदा काहीच केलं नव्हतं. सगळं करारात लिहिलेलं होतं, आम्हीच न वाचता सही केली होती. तो कोड अजून एका सीडीवर पडून आहे. चालवायला फोन नाही.

आता पेनाकडे येतो. भाच्याला वाटतंय की हे काहीतरी एकदम नवीन आहे. तसं नाही. अमेरिकेतल्या ऑकलंडच्या लाइव्हस्क्राइब या कंपनीने 2008 मध्येच 'पल्स' नावाचं स्मार्टपेन विकायला काढलं होतं. 1 जीबीचं 149 डॉलरला, 2 जीबीचं 199 डॉलरला. कंपनीचे संस्थापक जिम मार्ग्राफ. लहान मुलांसाठीचं 'लीपपॅड' हे बोलणारं पुस्तक यांच्याच डोक्यातून आलेलं. म्हणजे माणूस कागदावर प्रेम करणारा होता, कागद संपवायला निघालेला नव्हता.

त्या पेनाची गंमत अशी होती. वहीच्या पानावर बारीक बारीक ठिपके छापलेले असायचे. डोळ्याला पान नुसतं किंचित करडं दिसायचं. हे तंत्र स्वीडनच्या अॅनोटो कंपनीचं. ठिपके साधारण 0.3 मिलिमीटर अंतराच्या जाळीवर, पण प्रत्येक ठिपका आपल्या जागेवरून जरासा वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे सरकवलेला. पेनाच्या टोकाजवळचा छोटा इन्फ्रारेड कॅमेरा हे ठिपके वाचतो आणि त्याला कळतं की आपण नेमक्या कुठल्या पानावर, पानाच्या कुठल्या कोपऱ्यात आहोत. सोबत मायक्रोफोन. लेक्चर चालू असताना तुम्ही लिहिलंत आणि घरी येऊन त्या शब्दावर पेन टेकवलंत की तो शब्द लिहिताना सर काय बोलत होते ते ऐकू यायचं.

यात आपल्यासाठी एक फार महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. अशा पेनाला लिपी कळायची गरज नसते. ते रेघा टिपतं आणि वेळ टिपतं. मराठीत लिहा, मोडीत लिहा, नाहीतर आमच्या डॉक्टरांसारखं लिहा, त्याला सगळं सारखंच. इंग्रजीची सक्ती न करणारी यंत्रं किती कमी असतात, आठवून बघा.

मग लाइव्हस्क्राइबने तेच केलं जे आज भाच्याची कंपनी करतेय. डेव्हलपर्सना हाक मारली. जावामध्ये लिहायचं किट दिलं, पुढे अॅप विकायला दुकान काढलं. त्या पेनावरचं एक अॅप बरंच गाजलं. कागदावर काही उभ्याआडव्या रेघा मारून पियानो काढायचा आणि पेन टेकवून तो वाजवायचा! अशी गोष्ट बघितली की कुठल्याही पोराला वाटणार, आपणही काहीतरी करूया. लोकांनी केलंही. खेळ केले, अभ्यासाची साधनं केली.

आणि 2011 मध्ये कंपनीने ते किट आणि दुकान, दोन्ही गुंडाळलं. पुढे 2012 मध्ये वायफायचं पेन आलं, 2013 मध्ये मोबाइलला जोडायचं पेन आलं. पेनाची बुद्धी पेनातून फोनमध्ये गेली. पेनावर चालणाऱ्या अॅप्सना त्या नव्या घरात खोलीच उरली नाही. 2015 मध्ये अॅनोटोने लाइव्हस्क्राइबच विकत घेतली.

यात मला कुणी खलनायक दिसत नाही. हातात स्मार्टफोन आल्यावर पेनावर वेगळं अॅप कशाला चालवायचं, हा त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. कंपनीने दिशा बदलणं हा तिचा हक्क आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. कंपनी दिशा बदलते तेव्हा तिच्या भरवशावर घर बांधलेल्या माणसाचं काय होतं?

आपण मराठी लोकांना हे कुणी शिकवायला नको. ज्यांनी 90 च्या दशकात छापखान्यात, वर्तमानपत्रात किंवा प्रकाशनात काम केलंय त्यांनी आठवा. त्या काळातल्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल आज उघडली तर काय दिसतं? इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिमा. पुस्तकंच्या पुस्तकं तशी अडकून पडली. प्रत्येक फॉन्टवाल्याने अक्षरांना स्वतःच्या मनाने क्रमांक दिले होते. एकाचा 'क' तो दुसऱ्याचा स्वल्पविराम. युनिकोडच्या 1991 च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, तरी आपल्या कचेऱ्यांत आणि छापखान्यांत ती रुजायला पुढची कितीतरी वर्षं गेली. त्या मधल्या काळातली पुस्तकं नव्याने काढायची तर कन्व्हर्टर लावून नंतर ओळ न् ओळ तपासायची, नाहीतर सरळ पुन्हा टाइप करायची. मराठी तीच, मजकूर तोच, पण किल्ली दुसऱ्याकडे.

हाताने लिहिलेल्या डिजिटल शाईचं उद्या हेच होऊ शकतं. आणि गंमत म्हणजे तिच्यासाठीही सामायिक भाषा आहे. 'इंकएमएल' नावाचा खुला साचा. पेन कुठून कुठे गेलं, कधी टेकलं, कधी उचललं, हे लिहून ठेवायची सगळ्यांना वाचता येईल अशी पद्धत. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ती मान्य केली 2011 मध्ये. म्हणजे ज्या वर्षी त्या पेनाचं दुकान बंद झालं, त्याच वर्षी. साचा आहे, पण तो वापरायचा की नाही हे प्रत्येक कंपनीच्या मर्जीवर आहे.

"एवढं कशाला ताणतोस? कॉलेजच्या नोट्स तर आहेत," असं कुणी म्हणेल. नोट्सपुरतं असतं तर मी एवढं लिहिलंच नसतं. या पेनाचा खरा उपयोग मला वर्गात दिसत नाही, रजिस्टरमध्ये दिसतो.

गावातल्या आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या बाईंना विचारा. आधी वहीत लिहायचं, मग तेच मोबाइलमध्ये भरायचं. काम एक, लिहिणं दोनदा. 2021 मध्ये आपल्याकडच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं होतं. फोन निकृष्ट आहेत, बिघडतात ही एक तक्रार होती, आणि पोषण ट्रॅकर मराठीत नाही ही दुसरी. त्यांचं भांडण तंत्रज्ञानाशी नव्हतं. त्यांना स्वतःच्या भाषेत, एकदाच लिहायचं होतं. ठिपक्यांच्या कागदावर छापलेला मराठी फॉर्म आणि असं पेन असेल तर हे जमण्यासारखं आहे. बाई नेहमीसारखं लिहितील, वजन आणि तारीख आपोआप नोंदली जाईल, आणि कागदही हातात राहील. अॅनोटोच्या तंत्राचा वापर बाहेर असे फॉर्म भरायलाही झालेला आहे, म्हणजे ही काही माझी कल्पनेची भरारी नाही.

पण तिथे एक अवघड काम आहे, आणि ते कुठलीही परदेशी कंपनी आपणहून आपल्यासाठी करेल असं मला वाटत नाही. हाताने लिहिलेली मराठी ओळखणं. आपण शिरोरेषा कधी देतो? कुणी अक्षरागणिक देतं, कुणी शब्द संपल्यावर एकदम, कुणी देतच नाही. वेलांटी आधी काढायची की नंतर? जोडाक्षर कुणी आडवं जोडतं, कुणी उभं. यंत्राला हे शिकवायला वेगवेगळ्या हातांचे नमुने लागतात. सुरुवात झालेलीच नाही असंही नाही. बंगळुरूच्या एचपी लॅब्जने 'लिपी टूलकिट' नावाचं हस्ताक्षर ओळखायचं साधन मुक्त स्रोत म्हणून दिलं होतं. 2015 मध्ये गूगलने 82 भाषांसाठी बोटाने लिहायचं अॅप काढलं. पण विदर्भातल्या आजींचं आणि कोकणातल्या मास्तरांचं अक्षर ओळखणारी यंत्रणा आपल्यालाच करावी लागणार. आणि ती एकदा केली की ती कुठल्याही पेनावर, कुठल्याही पाटीवर चालली पाहिजे. एका कंपनीच्या दुकानाबरोबर ती मेली तर पुन्हा पहिल्यापासून क, ख, ग.

आता दुसरी बाजू. भाच्याने माझं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, असं म्हणत बसलो तर कुणीच काही बनवणार नाही. अॅन्ड्रॉइड पण एका कंपनीचंच आहे ना? तिथे लाखो लोकांचं पोट चालतंय." बरोबर आहे त्याचं. धोका नाही असं दुकान जगात नाही. आणि पहिल्या फळीत जाणाऱ्यालाच फायदा होतो हेही खरं. पण त्याला मी यूपीआयचं उदाहरण दिलं. 2016 मध्ये ते आलं तेव्हा नियम असा ठेवला की एका अॅपवरून दुसऱ्या अॅपवाल्याला पैसे गेले पाहिजेत. उद्या त्यातलं एक अॅप बंद पडलं तर तुझे पैसे बँकेतच राहतात, तू दुसरं अॅप घेतोस. भाजीवाल्या मावशींना पाटीही बदलावी लागत नाही. माझी शाईही अशीच हवी. पेन बदललं तरी माझ्या वह्या माझ्याकडे.

म्हणून शेवटी मी भाच्याला 'नको' म्हटलं नाही. कर म्हटलं. पण किट उतरवून घेण्याआधी कंपनीला तीन प्रश्न विचार, आणि उत्तर लेखी घे.

एक. माझ्या वहीतल्या सगळ्या रेघा, वेळेसकट, खुल्या साच्यात मला बाहेर काढता येतात का? नुसतं पीडीएफ चालणार नाही. पीडीएफ म्हणजे लोणच्याचा फोटो. आणि हे तुमच्या सर्व्हरशिवाय, इंटरनेट नसताना होतं का?

दोन. तुम्ही हे बंद केलंत तर किती आधी सांगणार? आणि लोकांच्या पेनात, फोनमध्ये आधीच असलेलं अॅप त्यानंतर चालत राहणार की त्याच रात्री मरणार?

तीन. मी लिहिलेला कोड आणि मी गोळा केलेले हस्ताक्षराचे नमुने मला दुसऱ्या पेनाकडे नेता येतील का? आणि ज्यांचं अक्षर, ज्यांचा आवाज त्यात आहे, त्यांची परवानगी कशी घ्यायची हे तुम्ही ठरवलंय का? पेन ऐकतं, हे विसरू नये. वर्गात ठीक आहे, पण दवाखान्यात किंवा पोलीस चौकीत समोरच्याला माहीत असलंच पाहिजे की पेन ऐकतंय.

शिवाय प्रोजेक्टचे दोन भाग कर. मराठी अक्षर ओळखणारा भाग पूर्ण वेगळा, कुठल्याही कंपनीवर न अवलंबणारा, शक्य असेल तर सगळ्यांसाठी खुला. आणि त्या विशिष्ट पेनाला जोडणारा भाग छोटा, टाकून दिला तरी जीव न जळणारा.

हेच प्रश्न सरकारनेही विचारावेत असं मला वाटतं. शाळांसाठी टॅब घेताना, आरोग्य विभागासाठी उपकरणं घेताना निविदेत किंमत, बॅटरी, वॉरंटी सगळं लिहिलेलं असतं. त्यात एक ओळ वाढवा, की माहिती खुल्या साच्यात परत मिळाली पाहिजे, कंपनी असो वा नसो. पैसा आपला आहे. या एका ओळीला खर्च काहीच नाही, पण ती नसेल तर पुढच्या कंत्राटाच्या वेळी आपण त्याच दारात हात जोडून उभे.

आणि पेन काढणाऱ्या कंपन्यांना एवढंच सांगेन. आमच्या मुलांना बोलवा, जरूर बोलवा. पोरं हुशार आहेत, रात्री जागतील. पण घरात यायचं दार दाखवता तसं बाहेर जायचं दारही पहिल्याच दिवशी दाखवा. ज्याला ते दिसतं, तो आत निवांत बसतो आणि जास्त काम करतो.

भाच्याने काल रात्री तिन्ही प्रश्न कंपनीला मेल केलेत. मराठीत लिहू की इंग्रजीत, विचारत होता. म्हटलं, दोन्हीत लिही. उत्तर आलं की इथेच टाकतो, जसं असेल तसं. आणि कुणाकडे माझ्यासारखी जुनी सीडी, जुना फॉन्ट किंवा बंद पडलेल्या पेनातल्या वह्या असतील तर सांगा. या पोरांना किट उघडण्याआधी ते वाचायला मिळालं पाहिजे.