'नस दबली' म्हणण्याआधी

नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादच्या मिरची बाजारात पोती वाहणारा पंचावन्न वर्षांचा एक हमाल डोळ्यांसमोर आणा. शंभर पावले चालला की त्याचे दोन्ही पाय जड होतात, थोडे बसले की पुन्हा हलके वाटतात. चार महिन्यांपूर्वी तो विनासायास स्टेशनपर्यंत जाऊन येत होता. शेजारपाजारच्यांनी निदान केव्हाच करून टाकले आहे : नस दबली. एक्स-रेमध्ये 'गॅप' निघते, कमरेला पट्टा लागतो. पुढे लघवी अडखळू लागते, तेव्हा वय पाहून प्रोस्टेटची गोळी सुरू होते. शेवटी कमरेचा एमआरआय होतो. आयुष्यभर ओझी वाहिलेल्या माणसाच्या चकत्या झिजलेल्या असणारच. निदानावर शिक्का बसतो.

हा रुग्ण काल्पनिक आहे, पण त्याची वाट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. आपल्या बोलीत 'नस' म्हणजे मज्जातंतूही आणि शीरही. रुग्ण 'नस' म्हणतो आणि आपण मज्जातंतू ऐकतो. काही मोजक्या रुग्णांत मात्र खोट त्या दुसऱ्या नसेत असते. तिचे नाव स्पायनल ड्युरल एव्ही फिस्टुला.

मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांच्या विकृतींत सर्वाधिक आढळणारी ही विकृती. ती बहुधा पन्नाशी-साठीच्या पुरुषांत दिसते. मज्जातंतूच्या मुळाजवळ, ड्युराच्या पदरात, एक बारीक धमनी थेट शिरेला जोडली जाते. शेतातल्या निचऱ्याच्या चरात कालव्याचे पाणी सोडावे, तसे हे आहे. चर तुडुंब भरतो, शेतातले पाणी बाहेर पडत नाही आणि जमीन चिबडते. मज्जारज्जूही असाच चिबडतो. रक्तस्राव नाही, गाठ नाही, फक्त शिरांमधला दाब आणि त्यामुळे आलेली सूज. जोड पाठीत कुठेही असला तरी सूज बहुधा खालच्या टोकाला, कोनसला, सुरू होते. म्हणून तक्रार पायांची आणि लघवीची असते. चालताना धमनीतला दाब वाढतो, म्हणून पाय चालतानाच जड होतात.

फ्वा आणि आलाझुआनीन यांनी असे रुग्ण १९२६ साली नोंदवले, पण दोष नेमका कुठे आहे हे कळायला पुढे अर्धे शतक गेले. दरम्यान शल्यविशारद मज्जारज्जूवरच्या फुगलेल्या शिरा लांबच लांब सोलून काढत. म्हणजे निचऱ्याचा उरलासुरला मार्गही जाई. मूळ जोड ड्युरात असतो हे केंडल आणि लोग यांनी १९७७ मध्ये दाखवले आणि तेवढाच तोडण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. त्याआधी, १९७४ मध्ये, अ‍ॅमिनॉफ आणि लोग यांनी उपचाराविना काय होते ते मांडले होते : पायांत अशक्तपणा आल्यापासून तीन वर्षांत निम्मे रुग्ण गंभीर अपंग होतात.

हा आजार वर्षाला दहा लाखांत ५ ते १० जणांना होतो, असा अंदाज दिला जातो. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवर होती. हाच दर धरला तर जिल्ह्यात वर्षाला साधारण सतरा ते तेहतीस रुग्ण व्हावेत. आपल्यापैकी कितींनी एक तरी पाहिला आहे? बाकीचे कमरेच्या खात्यात जमा झाले असावेत, अशी आम्हाला शंका आहे.

ते त्या खात्यातून बाहेर काढण्याच्या पहिल्या पायरीला महागडे यंत्र लागत नाही. टाचणी घ्या आणि पायांवरून पोटाकडे, छातीकडे सरका. पोटावर एका रेषेखाली बोथट लागत असेल, तर दोष कमरेत नाही. लंबर कॅनॉल कितीही अरुंद झाला तरी पोटाची संवेदना जात नाही. तळपायावर किल्ली ओढा, अंगठा वर येतो का बघा. लघवी आणि शौचाबद्दल रुग्ण आपणहून सांगणार नाही, आपणच विचारायचे. दोन्ही पाय, महिनोन्महिने वाढत जाणारा त्रास आणि लघवी, या तीन गोष्टी एकत्र आल्या की एमआरआयच्या कागदावर 'डॉर्सल स्पाइन' लिहा. रिपोर्ट आला तरी फिल्म स्वतः उजेडाला धरा. टी-टू चित्रात मज्जारज्जूच्या आत पांढरट पट्टा आणि पाठीमागे काळ्या ठिपक्यांची वळवळती रांग दिसली, तर पट्टा म्हणजे सूज आणि ठिपके म्हणजे फुगलेल्या शिरा. कमरेच्याच फिल्ममध्ये कोनस अगदी वरच्या कडेला असतो. नजर चकत्यांवर खिळली की तो निसटतो.

एक गोष्ट मात्र करू नका. पाय गेले म्हणून मायलायटिस समजून स्टिरॉइड देण्याचा मोह होतो. फिस्टुलाच्या रुग्णात त्यानेच पाय काही तासांत आणखी लुळे पडू शकतात. कमरेत दिलेल्या एपिड्युरल स्टिरॉइडनेही असे घडल्याच्या नोंदी आहेत. स्टिरॉइडनंतर रुग्ण बिघडला, तर डोस वाढवू नका. निदान पुन्हा तपासा.

पुढचे काम मोठ्या केंद्राचे. स्पायनल अँजिओग्राफीत एकेका धमनीत नळी घालून जोड शोधतात. मग शस्त्रक्रियेने जोडातून निघणारी शीर बंद करतात किंवा नळीतून गोंद सोडतात, म्हणजे एम्बोलायझेशन करतात. २००४ च्या एका आढाव्यात शस्त्रक्रियेचे यश ९८ टक्के, तर एम्बोलायझेशनचे ४६ टक्के होते. अलीकडे गोंदाचे निकाल सुधारले आहेत. पण गोंद शिरेच्या तोंडापर्यंत पोचला नाही, तर जोड पुन्हा उघडतो. त्याच धमनीतून मज्जारज्जूची पुढची धमनी निघत असेल, तर शस्त्रक्रियाच बरी.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांकडेही अशाच सावधपणे पाहायला हवे. तिशीच्या, उच्च रक्तदाब नसलेल्या तरुणाच्या मेंदूच्या पृष्ठभागाजवळ रक्तस्राव झाला, तर 'बीपी वाढला असेल' म्हणून थांबू नका. सीटी अँजिओग्राफी मागा. पहिल्या तपासणीत रक्ताच्या गाठीच्या दाबाखाली एव्हीएम, म्हणजे रक्तवाहिन्यांचा विकृत गुंता, लपू शकते, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी लागते. मोटारसायकलवरून पडलेल्याचा डोळा काही आठवड्यांनी लाल होऊन पुढे आला, तर 'डोळे आले' म्हणून थेंब देण्याआधी मिटलेल्या पापणीवर स्टेथोस्कोप ठेवा. नाडीच्या ठेक्यात घरघर ऐकू आली, तर तो कॅरोटिड-कॅव्हर्नस फिस्टुला असू शकतो.

रुग्णाला मोठ्या केंद्रात पाठवताना हेही पाहा : धर्माबादहून एक गाडी नांदेडला जाते, दुसरी निजामाबादमार्गे हैदराबादकडे. रुग्णाला दोन्ही दिशा मोकळ्या असल्या तरी महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना दोन्हीकडे सारखी चालेल असे नाही. निघण्याआधी योजनेच्या आरोग्यमित्राला विचारायला सांगा.

आणि चिठ्ठी नीट लिहा. 'कंबरदुखी' लिहिलेत, तर पुढचा डॉक्टरही कंबरच बघेल. 'दोन्ही पाय जड, चार महिने, वाढते आहे, लघवीला त्रास, बेंबीखाली टाचणी बोथट' एवढे लिहिलेत, तर त्याचा हात कमरेवरून वर, पाठीकडे सरकेल.