लिनक्स मुका नाही, आपण त्याला मुका ठेवला आहे

आमच्या वाशिम जिल्ह्यात शिक्षकांच्या गप्पांत लिनक्सचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेले असते: "सर, त्यात आवाज येत नाही." एवढे बोलले की विषय संपतो. मग कोणीतरी गावातल्या दुकानदाराला बोलावतो, तो विंडोजची विनापरवाना प्रत टाकून देतो आणि सगळे समाधानाने चहा घेतात. वर्गात आपण मुलांना अमानत आणि इमानदारीचे धडे देतो. त्याच वर्गातला संगणक मात्र चोरीच्या मालावर चालतो, आणि हे कोणाला खटकतही नाही.

मला या वाक्याशी भांडायचे आहे, कारण ते खरे नाही.

तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच कर्नलवर चालतो. त्यावर तुम्ही कव्वाली ऐकता, नातेवाइकांशी बोलता, बातम्या पाहता. तिथे आवाज कुठून येतो? लिनक्समध्ये आवाजाची जबाबदारी 'अल्सा' नावाच्या भागाकडे असते. त्याचे काम १९९८ साली सुरू झाले आणि २००३च्या अखेरीस आलेल्या २.६ या कर्नलपासून तो लिनक्सचा नेहमीचा भाग आहे. आज लिनक्स बसवले की बहुतेक संगणकांचे साउंड कार्ड ते आपोआप ओळखते. फोनमध्ये आवाज येतो, कारण विकण्यापूर्वी कंपनीने तो लावून, तपासून दिलेला असतो. शाळेच्या संगणकाच्या बाबतीत हे काम करायला कोणी नसते. फरक एवढाच आहे.

आवाज का येत नाही, याची कारणेही फार गूढ नाहीत. टाकीत पाणी आहे, पण वाटेतला वॉल्व्ह बंद आहे, असा बहुतेक वेळा प्रकार असतो. टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' उघडा. आवाजाचे उभे पट्टे दिसतील. ज्या पट्ट्याखाली 'एमएम' अशी अक्षरे दिसतात तो बंद आहे. त्यावर जाऊन एम हे बटण दाबा, वरच्या बाणाने पट्टा वाढवा. दुसरे कारण: संगणक आवाज एचडीएमआयच्या तारेतून मॉनिटरकडे पाठवत असतो आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो. सेटिंगमध्ये ध्वनीच्या पानावर 'आउटपुट' बदलले की काम होते. तिसरे: पुढच्या जॅकमध्ये हेडफोनची पिन अडकलेली असते आणि 'ऑटो म्यूट'मुळे मागचे स्पीकर गप्प होतात. चौथे कारण नव्या लॅपटॉपचे. त्यातल्या ध्वनीच्या चिपला फर्मवेअरची वेगळी फाइल लागते, ती एकदा बसवावी लागते. एवढे तपासूनही अडणारी यंत्रे असतात, नाही असे नाही. पण त्या मोजक्या यंत्रांच्या नावाखाली बाकीची का फेकायची?

कोणी म्हणेल, आवाजावाचून काय अडते? उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्याला विचारा. उर्दूत 'ळ' नाही, 'ण' नाही. आमचे मूल 'बाळ'ला 'बाल' म्हणते, 'पाणी'ला 'पानी'. 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा आहे, हे लिपी त्याला सांगत नाही. ते कानानेच शिकावे लागते. घरी, मोहल्ल्यात ज्याच्या कानावर मराठी कमी पडते, त्याच्यासाठी शाळेतला संगणक हा मराठी ऐकण्याचा एक हक्काचा मार्ग आहे. पुढे हेच मूल मुलाखतीत तोंड उघडते आणि त्याच्या मराठीला लोक हसतात. संगणक कक्षातला मुका स्पीकर त्याला असा महागात पडतो.

"शिक्षकाने शिकवायचे की संगणक दुरुस्त करायचे?" हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहाराच्या नोंदी, माहितीचे तक्ते यांखाली शिक्षक दबलेला आहे. पण बंद पट्टा उघडणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. रेडिओचे बटण फिरवायला कोणी मेकॅनिक बोलावत नाही.

आणि हे एकट्या शिक्षकावर सोडायचे कामही नाही. केरळने २००१ साली शाळांसाठी 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प सुरू केला, पुढे शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या, शिक्षकांना प्रशिक्षण दिले, स्वतःच्या भाषेत साहित्य तयार केले. २०१८ पासून तिथे 'लिटल काइट्स' या नावाने विद्यार्थ्यांचेच गट शाळेतले संगणक सांभाळायला शिकतात. तिथल्या आणि इथल्या यंत्रांत फरक नाही. फरक आहे तो यंत्रामागे माणूस उभा करण्यात.

लिनक्सच्या भक्तांनाही दोन शब्द. तुमचे सगळे ज्ञान इंग्रजीत. नवख्याने प्रश्न विचारला की चार ओळींची कमांड त्याच्या अंगावर फेकायची आणि 'आधी वाचून या' म्हणायचे. मराठीत 'मुक्त' आणि 'फुकट' हे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपले भाग्य. पण ज्याला वापरताच येत नाही, त्याच्यासाठी मुक्त काय आणि फुकट काय!

हा प्रश्न आता टाळता येणार नाही. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि नवे प्रोसेसर लागतात. शाळांतली जुनी यंत्रे त्या अटीत बसत नाहीत. म्हणजे धडधाकट संगणक एकतर भंगारात जातील किंवा असुरक्षित चोरीच्या प्रतीवर रखडतील. तिसरा रस्ता लिनक्सचा आहे.

त्यासाठी तीन गोष्टी करा. संगणक ताब्यात घेताना स्पीकरमधून आवाज ऐकल्याशिवाय पोचपावतीवर सही करू नका. वर सांगितलेली चार कारणे मराठीत आणि उर्दूत एका कागदावर लिहून कक्षाच्या भिंतीवर लावा. आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकदा तरी अर्धा तास या विषयाला मागून घ्या. तिथे एकाला जमले की दहा शाळांना जमेल.

एवढे करून पाहा. त्यानंतरही स्पीकर गप्प राहिला, तर खुशाल म्हणा की लिनक्सला आवाज नाही. तोपर्यंत ते वाक्य म्हणजे आपल्या आळसावर घातलेले पांघरूण आहे.