मरणाची पात्रता

शेतकऱ्याने गळफास घेतला की पोलीस येतात, तलाठी येतो, पंचनामा होतो. मग ते प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाते आणि तेथे त्या मरणावर शेरा पडतो : पात्र किंवा अपात्र. मृत्यूलाही पात्रता लागते, याची आपल्याला आता लाज वाटेनाशी झाली आहे.

ही पात्रता ठरते कशी? सातबारा कुटुंबाच्या नावावर हवा. कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. ते थकलेले हवे आणि वसुलीचा तगादाही हवा. मग २००६ साली ठरलेली एक लाख रुपयांची मदत : तीस हजार रोख, सत्तर हजार ठेवीत. दुसऱ्याची जमीन बटईने कसणारा, बियाण्यांसाठी बिनपरवाना सावकारापुढे हात पसरणारा या चौकटीत बसत नाही. ज्याला बँकेने दारात उभे केले नाही, तोच मेल्यावर शासनाच्याही दाराबाहेर राहतो.

सार्वजनिक पैसा वाटायचा तर निकष हवेत, हे मला मान्य आहे. खोटे दावेही येत असतील. परंतु निकष होते पैशासाठी. हळूहळू तेच प्रश्नाची व्याख्या होऊन बसले. जे अपात्र, ते जणू शेतीच्या दुःखाने मेलेच नाहीत. ते दारूने मेले, घरच्या भांडणाने मेले, मुलीच्या लग्नाच्या खर्चाने मेले. ही कारणे खोटी असतात असे नाही. पण पीक बुडालेल्या घरातच भांडण का पेटते, हे विचारण्यासाठी पंचनाम्यात जागा नसते.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने २०१३ साली देशभरात ११,७७२ शेतकरी आत्महत्या नोंदल्या. २०१४ साली केवळ ५,६५०. वर्षभरात निम्म्याहून कमी! एवढा सुकाळ कोठून आला? त्या वर्षापासून शेतमजुरांसाठी वेगळा रकाना उघडला गेला आणि त्यात ६,७१० जण गेले. बेरीज १२,३६०. शेतात काहीच बदलले नव्हते. बदलला होता तो तक्ता. आणि दिवसभर निंदणी-खुरपणी करणारी, परंतु सातबाऱ्यावर नाव नसलेली स्त्री मेली, तर ती बहुधा 'गृहिणी' या रकान्यात विसावते.

शासनाला बोल लावताना आपण आपल्या दफनभूमीच्या फाटकाकडेही पाहावे. आपला तक्ता त्यांच्याहून जुना आहे. १९१७ च्या धर्मसंहितेने बुद्धिपुरस्सर आत्महत्या करणाऱ्याला, पश्चात्तापाची खूण नसेल तर, ख्रिस्तसभेचा दफनविधी नाकारला होता. आम्हीही मरणे पात्र-अपात्र ठरवीत होतो, आणि आमच्या शेऱ्यावर अपीलही नव्हते. १९८३ च्या संहितेतून तो उल्लेख गळला. १९९२ च्या श्रद्धाग्रंथाने तीव्र मानसिक यातना आणि भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, हे मान्य केले. नियम बदलले; जिभा बदलल्या नाहीत. 'श्रद्धा कमी पडली' हे वाक्य मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात अजूनही ऐकू येते. क्वचित, दुर्दैवाने, प्रवचनपीठावरूनही.

शास्त्र्याने येशूला शेजाऱ्याची व्याख्याच विचारली होती. व्याख्या मिळाली असती तर कोणाला टाळता येईल, हेही त्याला कळले असते. ख्रिस्ताने व्याख्या दिली नाही. रस्त्यात पडलेला एक माणूस दाखवला. त्याच्या कडेने निघून गेलेल्यांत पहिला याजक होता, हे आम्हा धर्मगुरूंना विसरून चालणार नाही.

आपल्या धर्मप्रांतांची समाजकार्य केंद्रे विधवांकडून मदतीचे अर्ज घेतात. त्या अर्जांसोबत कोठे सातबाऱ्याची आणि बँकेच्या कर्जखात्याची झेरॉक्स मागितली जात असेल, तर ती मागणे यंदाच थांबवावे. कार्यकर्त्याने तिच्या घरी जावे, कोणाचे किती देणे आहे हे तिच्या तोंडून ऐकावे, आणि दुकानदाराच्या वहीतली उधारी हेही कर्जच धरावे.