इपॉक्सीचे आटे किती भरवशाचे?

फवारणीच्या पंपाचा किंवा शिवणयंत्राचा एखादा बोल्ट आवळता आवळता एकदम हलका लागतो, हा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. पाना फिरत राहतो. बोल्ट मात्र पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. घरातले वडीलधारे लगेच निदान करतात, "आटे गेले!" नवा बोल्ट आणून लावला तरी तो तसाच फिरतो, कारण बहुधा आटे बोल्टाचे नव्हे, भोकाचे गेलेले असतात. बोल्ट पोलादाचा आणि भोक ॲल्युमिनियमच्या ओतीव भागातले. दोघांच्या झटापटीत मऊ धातू हरतो.

आता काय करायचे? पहूर हे जामनेर तालुक्यातले, जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. आजूबाजूला कपाशीची शेते. अशा गावात यंत्राचा भाग घेऊन लेथच्या कारखान्यासाठी जळगाव गाठायचे, तर एसटीने तासभर जायचे, तासभर यायचे आणि मधला दिवस कारखान्याच्या दारात. फवारणी तोवर खोळंबते. म्हणून कोणीतरी सुचवते, "दुकानातून इपॉक्सीची जोडी आण, भोकात भर आणि त्यातच नवे आटे पाड." मामला थोड्या पैशांचा असतो.

यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. जुने कारागीर म्हणतात, आटे धातूतच पडतात, बाकी सगळी फसवणूक. दुसऱ्या बाजूला प्रत्येक भोकात लुकण भरून मोकळे होणारे उत्साही लोक आहेत. मला दोन्ही मते सारखीच आळशी वाटतात. कारण या बोल्टावर किती भार येतो, हा एकच प्रश्न खरा महत्त्वाचा, आणि तो दोघेही विचारत नाहीत. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला तो विचारता येतो आणि त्याचे उत्तरही काढता येते. चला, काढून पाहू.

मळसूत्र म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण, हे तुम्ही शिकला आहात. ८ मिलिमीटर जाडीच्या, नेहमीच्या मेट्रिक बोल्टाचे दोन शेजारचे आटे १.२५ मिलिमीटर अंतरावर असतात. म्हणजे पाना पूर्ण एक फेरी फिरला की बोल्ट तेवढाच पुढे सरकतो. पाना २० सेंटिमीटर लांबीचा असेल, तर त्या फेरीत तुमचा हात सुमारे १२५७ मिलिमीटर फिरतो. हात आणि बोल्ट यांच्या चालीचे गुणोत्तर झाले जवळजवळ १००० ! घर्षण मुळीच नसते तर पान्याच्या टोकाला १०० न्यूटन, म्हणजे साधारण १० किलोच्या वजनाइतका जोर लावून बोल्टात १ लाख न्यूटनचा ताण आला असता. प्रत्यक्षात कोरड्या बोल्टात तो सुमारे १२,५०० न्यूटन येतो. म्हणजे तुमच्या श्रमाचे आठातले सात भाग घर्षण खाऊन टाकते. पण घर्षणाला शिव्या देऊ नका. ते नसते तर आवळलेला बोल्ट हात काढताच उलटा फिरून सुटला असता.

आणि उरलेला आठवा भागही लहान नाही. १२,५०० न्यूटन म्हणजे सव्वा टनाहून थोडे जास्त वजन. करंगळीपेक्षा बारीक दांडा इतक्या ताणाने ओढला जातो, किंचित लांबतो आणि लांबलेल्या स्प्रिंगसारखा दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. बोल्टाचे काम हेच. ज्याच्या डोक्यावर ८.८ असा आकडा उठवलेला असतो तो हा ताण सहज सोसतो. बाजारातला साधा मऊ बोल्ट मात्र इतक्यात कायमचा लांबतो. शिवाय हा भार सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही. सहा आटे गुंतले असतील, तर पहिला आटाच एकूण भाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा पेलतो. तो तुटला की दुसऱ्यावर येते, मग तिसऱ्यावर. म्हणून आटे 'एकदम' जातात.

जास्त आवळणे हे आटे जाण्याचे एक कारण. दुसरे कारण आपल्याकडे फार आढळते आणि त्याला इतिहास आहे. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांची प्रमाण मापे सुचवली. ती इंचात होती आणि आट्यांचा कोन होता ५५ अंश. इंग्रजी अमदानीत आलेली यंत्रे याच मापांची असत. पहूरवरून जाणारी पाचोरा–जामनेर ही अरुंदमापी रेल्वे त्याच जमान्यातली; २०२० मध्ये ती थांबली. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा असतो. पण जुनी यंत्रे कायदा झाला म्हणून बदलत नाहीत! व्हिटवर्थचा ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे डोळ्यांना अगदी ८ मिलिमीटरचा. मात्र त्याच्या आट्यांतले अंतर १.४१ मिलिमीटर. मेट्रिक भोकात तो एक-दोन फेऱ्या मुकाट्याने जातो, मग अडतो. इथे जो पान्याला लांब नळी लावून जोर करतो, तो भोकाचे आटे आपल्या हाताने कापत असतो. म्हणून बोल्ट पहिल्या चार-पाच फेऱ्या नेहमी बोटांनीच फिरवावा. बोटांनी जात नसेल तर तो त्या भोकाचा नाही.

इपॉक्सीकडे वळण्याआधी एक फुकटची युक्ती. पुष्कळदा बोल्ट भोकाच्या तळापर्यंत पोचलेला नसतो, आणि खालचे आटे कोरे करकरीत असतात. काडी घालून खोली मोजा. बोल्ट पाच-सहा मिलिमीटर लांब घेऊन भागले तर प्रश्न तिथेच मिटला. फक्त तो तळाला टेकणार नाही एवढे पाहा. भोक आरपार असेल तर पलीकडून नट लावता येतो. हे दोन्ही उपाय इपॉक्सीपेक्षा चांगले, हे आधीच सांगून ठेवतो.

ते जमत नसेल तर इपॉक्सी. हा पदार्थ दोन नळ्यांत मिळतो, एकीत रेझिन आणि दुसरीत हार्डनर. दोन्ही एकत्र झाले की त्यांचे रेणू आडवे-उभे जोडले जाऊन एक सलग जाळे तयार होते. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्ताँ हे रसायनशास्त्रज्ञ दातांच्या कवळ्यांसाठी पदार्थ शोधत असताना या रेझिनपर्यंत पोचले. त्यांच्या शोधाचे हक्क पुढे बाझेलच्या सिबा कंपनीने घेतले आणि १९४६ मध्ये तिथल्या औद्योगिक प्रदर्शनात हा डिंक लोकांपुढे आला. आपल्या कामाचा त्याचा गुण असा की घट्ट होताना तो फार थोडा आकसतो. त्यामुळे बोल्टाच्या आट्यांचा साचा त्यात हुबेहूब उठतो.

कृती सोपी आहे, पण तिच्यात सारे यश स्वच्छतेवर अवलंबून आहे. भोकातला तेलकटपणा गेला नाही तर इपॉक्सी धातूला धरतच नाही. आपल्याकडे यंत्र पुसायला रॉकेल वापरण्याची सवय आहे. इथे ते चालणार नाही, कारण मागे तेलाचा पातळ थर राहतो. साबणाच्या कढत पाण्याने बारीक ब्रश घालून भोक धुवा, उन्हात पूर्ण वाळवा, मग खिळ्याच्या टोकाने आतील बाजू खरवडा आणि कीस झटकून टाका. बोल्टाला मात्र उलटे हवे. त्याला इपॉक्सी चिकटता कामा नये, म्हणून त्यावर मेणाचा अगदी पातळ थर द्या. रेझिन आणि हार्डनर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळा. हार्डनर जास्त घातला म्हणजे जास्त कडक होतो ही समजूत खोटी आहे. जादा रेणूंना जोडीदार न मिळाल्याने जाळे उलट कच्चे राहते.

मिसळायला पॉलिएथिलिनची पिशवी घ्या, तिला इपॉक्सी चिकटत नाही. ठिबक सिंचनाच्या काळ्या नळ्याही त्याच जातीच्या प्लास्टिकच्या. त्यांची गळती इपॉक्सीने का थांबत नाही, हे कोडेही इथे सुटते. मिश्रण आधी भोकाच्या कडांना लावा, मग बोल्ट सरळ धरून सावकाश फिरवत घाला, म्हणजे तळाला हवा अडकणार नाही. तो काटकोनात आहे ना, हे गुण्याने पाहा. सावकाश जमणारी जात असेल तर पुरे २४ तास हात लावू नका. डिसेंबरातल्या थंड रात्री याहून जास्त वेळ द्या. खानदेशातल्या मे महिन्यात मात्र उलट घाई होते. उष्णतेने क्रिया वेग घेते, आणि क्रियेतून स्वतःचीही उष्णता निघते, म्हणून लहान वाटीत बरेच मिश्रण एकदम केले तर ते हातात असतानाच तापून दगड होते. हवे तेवढेच करा. रबरी हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. कच्च्या इपॉक्सीने कातडीला कायमची ॲलर्जी जडू शकते. घट्ट झाल्यावर बोल्टाच्या डोक्यावर हलकी टिचकी मारून तो सावकाश उलटा फिरवा. आत नवे आटे दिसतील.

दिसायला ते सुंदरच असतात. भार किती घेतील? बोल्ट १२ मिलिमीटर आत गेला आहे असे धरू. इपॉक्सीचा धातूला धरणारा पृष्ठभाग साधारण ३०० चौरस मिलिमीटर होतो. घरगुती तयारीत दर चौरस मिलिमीटरला १० न्यूटन इतकीच पकड धरणे शहाणपणाचे. गुणाकार करा. ३,००० न्यूटन, म्हणजे मघाच्या ताणाचा जेमतेम चौथा हिस्सा! तो ताण यायला २० सेंटिमीटरच्या पान्याला सुमारे २४ न्यूटनची ओढ पुरते. आट्यांना मेण किंवा ग्रीस लागलेले असेल तर याहूनही कमी, कारण घर्षण घटले की तेवढ्याच ओढीत ताण वाढतो. तेव्हा दोन बोटांनी आवळावे आणि थांबावे.

हिशेबात न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. सततच्या ओढीखाली प्लास्टिक हळूहळू सरकते. धातूच्या आट्यांत बोल्ट महिनोन् महिने ताणलेला राहतो. इपॉक्सीत तो ताण दिवसागणिक उतरत जातो. ऊन जितके जास्त तितका लवकर. साधे घरगुती इपॉक्सी साठ-सत्तर अंश सेल्सिअसपाशी मऊ पडू लागते. उन्हाळ्यात दुपारभर उघड्यावर तापलेला पत्रा त्या आसपास पोचतो, मग चालू इंजिनाची गोष्टच नको.

म्हणून माझे मत असे : ज्या बोल्टाने फक्त जागेवर राहायचे आहे, तिथे इपॉक्सीचे आटे बेलाशक वापरावेत. शिवणयंत्राचे झाकण, फवारणी पंपाच्या टाकीची पट्टी, मडगार्डाची काडी, शाळेतल्या बाकाचा पाय. ज्या बोल्टाने ताण धरून ठेवायचा आहे, तिथे मुळीच नाही. ब्रेक, सायकलचे पेडल आणि हँडल, छताचा पंखा, मोटारीचा पाया, इंजिनाचे हेड, गॅसची जोडणी आणि मळणीयंत्राचा कोणताही भाग. मळणीयंत्राचे संरक्षक झाकणसुद्धा नाही, कारण ते निसटले तर मागे फिरता पट्टा असतो आणि पुढे माणसाचा हात. तिथे भोक मोठे करून पुढच्या मापाचे आटे पाडावेत किंवा पोलादी तारेचे वेटोळे बसवून घ्यावे. ॲल्युमिनियममध्ये असे वेटोळे कित्येकदा मुळच्या आट्यांपेक्षाही मजबूत ठरते. त्यासाठी जळगावची खेप पडली तर पडू द्यावी. जे कारागीर इपॉक्सीला नाक मुरडतात, त्यांचा आग्रह या कामांपुरता शंभर टक्के बरोबर आहे.

शिक्षकांना एक विनंती. प्रयोगशाळेत मळसूत्राचे चित्र काढून घेण्याऐवजी आटे गेलेला एक ॲल्युमिनियमचा तुकडा मुलांच्या हाती द्या. गॅरेजवाल्याकडे असे तुकडे भंगारात पडलेले असतात. इपॉक्सीचे आटे पाडून घ्या, पान्याच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवा, डोळ्यांना चष्मे लावा आणि ओढ अर्ध्या-अर्ध्या किलोने वाढवत आटे सुटेपर्यंत न्या. एका गटाने भोक साबणाने धुवावे, दुसऱ्याने रॉकेलने. एकाचा तुकडा सावलीत ठेवा, दुसऱ्याचा दुपारच्या उन्हात. आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. माझा १० न्यूटनचा अंदाज कितपत खरा, हेही त्यातून कळेल. तुमचे आकडे वेगळे आले तर तेच खरे माना.

आणि ज्यांनी घरी दुरुस्ती केली असेल त्यांनी आणखी एक काम करावे. बोल्टाशेजारी रंगाने 'इपॉक्सी' असा शब्द आणि तारीख लिहावी. पुढच्या हंगामात त्याच बोल्टाला पाना लावणारा माणूस कदाचित दुसराच असेल, आणि वरून पाहून त्याला आत काय आहे ते दिसणार नाही.