वानर, माकड आणि नदीचा कांठ

गेल्या महिन्यांत आमच्या धाकट्या नातवानें प्राण्यांच्या चित्रांचें पुस्तक पुढें आणून विचारिलें, "आजोबा, हें साकी माकड कोठलें?" साकी म्हटलें कीं आमच्यासारख्यांस संगीत नाटकांतील पद आठवावयाचें! पण हा प्राणी दक्षिण अमेरिकेंतला. नराचें अंग काळेंभोर व तोंड पांढरें, मादी करडी. शेपूट झुबकेदार खरें, पण त्यानें फांदी धरतां येत नाहीं. कठिण फळें दांतांनीं फोडून आंतील बिया खाणें हा त्याचा मुख्य उद्योग. हें पांढऱ्या तोंडाचें साकी ॲमेझॉन नदीच्या उत्तरेसच, सुरिनाम, व्हेनेझुएला इत्यादि प्रदेशांत सांपडतें. दक्षिणतीरावर त्याच्या निराळ्या जाती. ॲमेझॉन, रिओ नेग्रो व मदेइरा या नद्या माकडांच्या कित्येक जातींच्या सीमा आहेत, हें आल्फ्रेड वॉलेस यांनीं इ. स. १८५२ मध्यें मांडिलें. तेथील शिकाऱ्यांस तें आधींच ठाऊक होतें. हवें तें जनावर मिळवावयास ते नदी ओलांडून जात.

"मग आपल्या गोदावरीचें काय?" हा नातवाचा पुढचा प्रश्न. येथें मात्र आम्ही अडखळलों. अमरकोश घोकवून घेतांना कपि, मर्कट, वानर हे एकाच अर्थाचे शब्द म्हणून आम्हीं पिढ्यान् पिढ्या मुलांस शिकविले. घरांतील बायका मात्र काळ्या तोंडाच्या लांबशेपट्यास वानर आणि तांबूस तोंडाच्यास माकड म्हणतात, आणि शास्त्रहि त्यांच्याच बाजूचें निघालें! माकडाच्या गालांत खाद्य सांठविण्याच्या पिशव्या असतात, वानरास त्या नसतात; वानराचें जठर पानें पचविण्यासाठीं कप्प्याकप्प्यांचें असतें.

आतां नदीची गोष्ट. डोक्यावर टोपीसारखे केस असलेलें लांब शेपटाचें माकड, जें माथेरान-महाबळेश्वरास गेलेल्यांनीं पाहिलें असेल, तें दक्षिण भारताबाहेर जगांत कोठेंहि नाहीं. तापी व गोदावरी यांच्या उत्तरेस आखूड शेपटाचें दुसरें माकड. रक्ततपासणीच्या कागदावरील 'आर-एच' हीं अक्षरें त्याच्याच ऱ्हीसस या नांवावरून आलीं. हें उत्तरेकडील माकड गोदावरी ओलांडून दक्षिणेस पसरत आहे, आणि तें शिरतें तेथून टोपीवालें नाहींसें होत जातें, असें इ. स. २०११ च्या एका पाहणींत दिसून आलें. नदी आटली म्हणून हें घडलें असें नव्हे. शहरांत उपद्रव देणारीं माकडें पकडून दूर नेऊन सोडण्याचा आपला प्रघात हेंहि त्याचें एक कारण. गच्चीवरचे पापड वानरांनीं पळविले तेव्हां "यांना धरून गोदेपलीकडे सोडा" असें खुद्द आम्हीच म्हणालों होतों, हें येथें कबूल केलेलें बरें.

वानरांतहि असाच भेद आहे. प्राणिशास्त्रज्ञ रूनवाल यांनीं दाखविल्याप्रमाणें उत्तरेकडील वानर चालतांना शेपटाची कमान पाठीवरून डोक्याकडे वळवितो, दक्षिणेकडील ती मागें सोडतो. आणि यांची सीमारेषाहि साधारणपणें तापी-गोदावरीचीच. आमचा जुना जालना या दोन नद्यांच्या मध्यें पडतो. त्यामुळें नातू सध्यां रोज सकाळीं वही घेऊन गच्चीवर बसतो व शेपटांच्या कमानी काढतो. पैठण, शहागड, नांदेड येथील वाचकांनींहि आपल्याकडील वानरांचें शेपूट कोणीकडे वळतें तें पाहून अवश्य कळवावें. नदीचा कोणता कांठ, तें लिहावयास मात्र विसरूं नये.