न जाणण्याचाही हक्क

आईला किंवा वडिलांना अल्झायमर झाला की मुलांच्या मनात एकच प्रश्न घर करतो : ‘उद्या आपलीही हीच गत होणार का?’ बहुतेक घरांसाठी उत्तर दिलासा देणारे आहे; तसे काही ठरलेले नसते. एपीपी, प्रेसेनिलिन-१ आणि प्रेसेनिलिन-२ या तीन जनुकांतील दोषामुळे थेट वारशाने येणारा अल्झायमर एकूण रुग्णांपैकी एक टक्क्याहूनही कमी जणांत आढळतो. मात्र ज्या घरात तो आहे, तिथे प्रत्येक अपत्याला दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. दोष आला की आजार बहुधा टळत नाही आणि तो साठीच्या आतच गाठतो.

कोलंबियातील अँटिओकिया प्रांतात अशा कुटुंबांचे मोठे गोत आहे. तिथे चाळिशीत विसराळूपणा सुरू होई आणि पन्नाशीच्या आसपास माणूस पुरता परावलंबी होई. गावकरी या दुखण्याला ‘ला बोबेरा’, म्हणजे खुळेपणा, म्हणत. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी अनेक वर्षे वंशावळी जुळवल्या, तेव्हा मूळ प्रेसेनिलिन-१ मधील एका बदलात सापडले.

याच गोतातील २५२ जणांवर क्रेनेझुमॅब या औषधाची चाचणी झाली. २०२२ मध्ये जाहीर झालेले निष्कर्ष निराशाजनक होते. पण त्या चाचणीची आखणी शिकण्यासारखी आहे. दोष नसलेल्यांनाही तीत सामील करून घेतले आणि त्यांना औषध नसलेली इंजेक्शने दिली. केवळ दोष असलेल्यांनाच बोलावले असते, तर ते बोलावणे हाच निकाल ठरला असता. ज्याला जाणून घ्यायचे नाही, त्याच्यावर ते ज्ञान लादायचे नाही, हा त्यामागचा विचार.

आज मात्र लाळेचा नमुना पाठवला की एपीओई-४ या जनुकप्रकाराचा अहवाल घरबसल्या मिळू शकतो. हा प्रकार धोका वाढवतो, भविष्य ठरवत नाही. तो असूनही अनेकांना आजार होत नाही आणि नसूनही अनेकांना होतो. हा फरक समजावून सांगणारे कुणी समोर नसेल, तर अहवालाचा कागद शापासारखा भासतो. शिवाय तो एकट्याचा नसतो. भावंडांबद्दल आणि मुलांबद्दलही तो काही सांगून जातो. लग्नाच्या बोलणीत असा कागद पुढे आला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून अशा चाचणीआधी आणि नंतर जनुकीय समुपदेशन सक्तीचे हवे. ज्या घरात दोन-तीन पिढ्यांत ऐन उमेदीत स्मृती गेली, त्यांनी तज्ज्ञांकडे जरूर जावे. पण निर्णय ज्याचा त्याने, सज्ञान झाल्यावर घ्यावा. इतरांनी रक्तदाब, मधुमेह आणि मंदावलेली श्रवणशक्ती यांकडे आधी पाहावे. जनुके बदलता येत नाहीत, या गोष्टींवर मात्र उपाय आहेत.